टेबलावरचे नवखे कुठे गेले?

पत्राचा सारांश: वाचकांचं वय पंचेचाळीसच्या पुढे. वीसेक वर्षांपूर्वी पोकरची मोठी लाट आली तेव्हा टीव्हीवर बघून ते खेळ शिकले आणि आठवड्यातून एक रात्र कॅसिनोत बसू लागले. पहिली बरीच वर्षं जिंकले. त्याचा हिशेब त्यांच्या वहीत आहे. गेली चार वर्षं मात्र वर्षअखेर तोटाच, आणि वही तेव्हापासून बंद आहे. त्यांच्या पोकर रूममधली टेबलं निम्म्यावर आली, ओळखीचे चेहरे दिसेनासे झाले. उरले ते हेडफोन लावून बसणारे तरुण आणि त्यांच्यासारखेच काही जुने. दुसरीकडे लास वेगासच्या मोठ्या स्पर्धेत विक्रमी गर्दी होत असल्याचं ते वाचतात. पत्नी म्हणतात, आता पुरे. त्यांचं म्हणणं, हा कौशल्याचा खेळ आहे, कौशल्य माझ्याकडे आहे, सध्या पत्ते साथ देत नाहीत. बचत काढून त्या स्पर्धेत उतरावं, वरच्या दराच्या टेबलावर जाऊन तोटा भरून काढावा, की पोकरला पुन्हा चांगले दिवस येईपर्यंत थांबावं, असं त्यांनी विचारलं आहे.

चांगल्या वर्षांत तुम्ही प्रत्येक रात्रीचा जमाखर्च तारीखवार लिहिलात, किती तास बसलात तेही लिहिलंत. नंतरच्या चार वर्षांबद्दल तुमच्या पत्रात एकच शब्द आहे, ‘तोटाच’. आकडा नाही. तुमच्या तिन्ही पर्यायांचा निकाल त्या कोऱ्या पानांवर अवलंबून आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. यात दोष देण्याचा हेतू नाही. जिंकलेली रात्र लिहायला हात आपोआप वळतो आणि हरलेल्या रात्री घरी येऊन कधी एकदा झोपतो असं होतं. पोकर खेळणाऱ्या कितीतरी जणांच्या वह्या अशाच अर्ध्यावर थांबलेल्या असतात. पण बचतीला हात लावायचा विचार तुम्ही करता आहात, तेव्हा आधी बँकेचे व्यवहार काढा, कॅसिनोतल्या एटीएममधून काढलेल्या रकमा शोधा, सदस्य कार्डावर खेळाच्या तासांची नोंद मिळते का ते विचारा आणि चार वर्षांचा अंदाजे हिशेब मांडा. शंभर टक्के अचूक नसला तरी चालेल.

आता ‘पत्ते साथ देत नाहीत’ या तुमच्या म्हणण्याकडे येते. ते पूर्ण चूक नाही. पोकरमधला नशिबाचा वाटा मुरलेले खेळाडूसुद्धा कमी धरतात. तुमच्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या, आधीच सगळ्या चिप्स मध्ये गेलेल्या, आणि तरीही पाचातून जवळपास एकदा तुम्ही हरता. कॅसिनोत तासाला पंचवीस-तीस डाव होतात. आठवड्यातून एक रात्र, पाच-सहा तास, असं धरलं तर वर्षाला साधारण 8,000 डाव भरतात. ऑनलाइन चार टेबलं उघडून बसणारा खेळाडू तेवढे डाव आठवड्याभरात संपवतो. इतक्या थोड्या डावांत नो लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे दोन झाकलेल्या आणि सर्वांच्या पाच उघड्या पत्त्यांच्या, हवी तेवढी रक्कम लावता येणाऱ्या प्रकारात, निव्वळ नशिबाने होणारा चढउतार सुमारे 800 बिग ब्लाइंडचा असतो. बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी एका खेळाडूला लावावीच लागणारी रक्कम; टेबलाचा दर तिच्यावरून मोजतात. शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड कमावणारा, म्हणजे खरोखर चांगला खेळाडू धरला, तर त्याची वर्षाची अपेक्षित कमाई होते 400. चढउतार त्याच्या दुप्पट. म्हणजे काहीही न चुकता त्याचं दर तीन वर्षांतलं एखादं वर्ष तोट्यात जाऊ शकतं.

तेव्हा एकच वर्ष वाईट गेलं असतं तर मी म्हटलं असतं, मनावर घेऊ नका. पण तुमची चार वर्षं लागोपाठ गेली आहेत. हेच गणित पुढे नेलं तर त्या चांगल्या खेळाडूवर अशी पाळी येण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक उरते. सगळं खापर पत्त्यांवर फोडण्याइतकी ती मोठी नाही. आणि हाच न्याय तुमच्या जिंकलेल्या वर्षांनाही लावते. इतकी वर्षं सतत नफा झाला तो निव्वळ नशिबाने झाला असं मला वाटत नाही. तुम्ही तेव्हा टेबलावरच्या बहुतेकांपेक्षा चांगलं खेळत होतात. प्रश्न इतकाच की तेव्हा टेबलावर होतं कोण?

तो काळ आठवा. बेनी बिनियन यांनी लास वेगासच्या आपल्या हॉर्सशू कॅसिनोत 1970 मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, म्हणजे तुम्ही जिच्याबद्दल वाचता तीच, भरवली, आणि पुढे कित्येक वर्षं ती प्रामुख्याने व्यावसायिकांची बैठक राहिली. मग 2003 मध्ये टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट एका ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेतला प्रवेश हेच बक्षीस असलेल्या छोट्या स्पर्धेतून, तिच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकून गेला. झाकलेले पत्ते दाखवणारे कॅमेरे त्याच सुमारास टीव्हीवरच्या पोकरमध्ये रुळत होते. समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि त्याच्या हातात काहीच नाही, हे घरी बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच दिसू लागलं. मुख्य स्पर्धेत 2003 मध्ये 839 जण होते. पुढच्या वर्षी 2,576, त्याच्या पुढच्या वर्षी 5,619 आणि 2006 मध्ये 8,773.

ही माणसं फक्त वेगासला गेली नाहीत, तुमच्या टेबलावरही बसली. त्यांनी टीव्हीवर निवडक डाव पाहिले होते आणि पोकर म्हणजे ब्लफ, म्हणजे हूल देणं, आणि ऑल इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सारणं, अशी त्यांची समजूत झाली होती. टीव्हीवर न दाखवलेले, निमूटपणे पत्ते टाकून दिलेले शेकडो डाव त्यांनी पाहिलेच नव्हते. दोन बदाम हातात आले की ते रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पाचव्या पत्त्यापर्यंत, थांबायचे. फ्लॉपवर आणखी दोन बदाम आले तरी रिव्हरपर्यंत फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते, लागण्याची शक्यता साधारण 35 टक्केच असते, हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. तुम्ही धीर धरून बसायचात, चांगल्या पत्त्यांवरच पैसे लावायचात, आणि तेवढं पुरायचं. तुमचं कौशल्य खोटं नव्हतं. पण त्याची किंमत ठरवत होता तो दर आठवड्याला नव्याने येऊन बसणारा माणूस.

तो येणं का कमी झालं, याची कारणं बरीचशी कायद्यातली आहेत. अमेरिकेत 2006 च्या अखेरीस ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या देवघेवीवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी मुख्य स्पर्धेतली संख्या 6,358 वर घसरली. 15 एप्रिल 2011 रोजी तिथल्या न्याय विभागाने तीन मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली. टीव्हीवरच्या पोकरला जाहिराती पुरवणारी तीच संकेतस्थळं होती. त्यामुळे कार्यक्रमही आटले आणि घरी खेळून शिकून मग कॅसिनोत येणारा नवखाही आटला.

आता एका हिशेबाकडे लक्ष द्या. माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. पोकरमध्ये कॅसिनो तुमच्याविरुद्ध खेळत नाही, तो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, रेक म्हणजे आपला हिस्सा घेतो. काही ठिकाणी त्याऐवजी दर अर्ध्या तासाला बसण्याचे पैसे घेतात. समजा तुमच्या टेबलावर एका पॉटमागे सरासरी दोन बिग ब्लाइंड रेक जातो. तासाला तीस डाव, म्हणजे साठ बिग ब्लाइंड टेबलावरून उठून कॅसिनोच्या पेटीत जातात. नऊ जणांत वाटले तर प्रत्येकाचे तासाला सहा-सात. वर्षाचे 280 तास धरले तर माणशी 1,800 च्या वर. डीलरला दिलेली टिप त्यात धरलेली नाही. पेटीच्या स्लॉटमध्ये पडणारी ती एक-दोन चिप्स डाव जिंकल्याच्या आनंदात कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि वर्षाच्या शेवटी चांगल्या खेळाडूच्या कमाईच्या चौपटीहून जास्त रक्कम तिथून गेलेली असते.

लाट होती तेव्हा हा सगळा भार नवखे उचलत होते. आता टेबलावर बसलेले नऊच्या नऊ जण नेहमीचे असतील, एकमेकांचा खेळ पाठ असलेले, तर रेक भरायचा कुणी? तुम्हीच, आळीपाळीने. सगळे समान दर्जाचे असतील तर वर्षाच्या शेवटी सगळेच तोट्यात जातात. तुमचा खेळ जसाच्या तसा राहूनही असं होऊ शकतं. त्यासाठी वाईट पत्ते लागत नाहीत.

आणि सगळे समान दर्जाचे नाहीतच. ते हेडफोन लावलेले तरुण. 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या लिब्राटस या प्रोग्रामने दोघांच्या नो लिमिट होल्डेममध्ये चार नामांकित व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवलं. 2019 मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावरही तसंच करून दाखवलं. त्याच प्रकारचं गणित करणारे, सॉल्व्हर नावाचे प्रोग्राम आता घरच्या संगणकावर चालतात. कोणत्या फ्लॉपवर पॉटच्या किती हिस्स्याची बेट लावायची आणि किती वेळा काही न लावता फक्त चेक करायचं, याचा ही मुलं रोज सराव करतात. त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात थोडा राग जाणवला. तो समजू शकते, कारण तुम्ही ज्या टेबलाच्या प्रेमात पडलात तिथे गप्पा होत्या. पण एकेकाळी तुम्ही त्या टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त अभ्यास केला होता, तसाच त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त केला आहे.

तुमची रूम लहान झाली म्हणजे खेळ संपला, असं मात्र नाही. पोकरचं टेबल कॅसिनोला महाग पडतं. नऊ-दहा खुर्च्यांची जागा, सतत बदलावे लागणारे डीलर, देखरेखीला माणूस, आणि मिळकत फक्त रेकची. तेवढ्याच जागेत स्लॉट मशीन्स डीलरशिवाय रात्रंदिवस चालतात. म्हणून जागेचा हिशेब लावला की पोकर रूम आधी कोपऱ्यात जाते, मग बंद होते. 2020 च्या साथीत बंद झालेल्या कितीतरी रूम पुन्हा उघडल्याच नाहीत. आणि त्याच काळानंतर मुख्य स्पर्धेत 2023 मध्ये 10,043, 2024 मध्ये 10,112 आणि 2025 मध्ये 9,735 जण उतरले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. लोक अजून खेळतात. फक्त दर आठवड्याला जवळच्या कॅसिनोत जाण्याऐवजी वर्षातून एकदा-दोनदा मोठ्या महोत्सवाला जातात, किंवा डाव थेट प्रक्षेपणात बघतात. पोकरमध्ये असे बदल याआधीही झाले आहेत. 1990 च्या दशकात अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंमध्ये सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्याच दुसऱ्या प्रकाराचा बोलबाला होता. त्यात आयुष्य घालवलेल्यांना काही वर्षांतच होल्डेमच्या गर्दीत टेबल शोधत फिरावं लागलं.

म्हणून ‘चांगले दिवस येईपर्यंत थांबू का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं, की गर्दीच्या बाबतीत चांगले दिवस आलेलेच आहेत. तुम्हाला हवे आहेत ते 2006 चे प्रतिस्पर्धी. गर्दी परत आली, ते लोक परत आले नाहीत. ते येतील या भरवशावर पैसे राखून ठेवू नका.

मुख्य स्पर्धेचं शुल्क 10,000 डॉलर आहे. साधारण 15 टक्के खेळाडूंना काही ना काही बक्षीस मिळतं, बाकीचे रिकाम्या हाताने परततात. तुम्ही सरासरी खेळाडूच्या दुप्पट चांगले आहात असं धरलं तरी दहातून सात वेळा ती रक्कम संपूर्ण जाईल. सहलीवर खर्च करावा तशी ती तुम्ही आणि तुमच्या पत्नी आनंदाने खर्च करू शकत असाल, तर एकदा जरूर जा. तोटा भरून काढायचं साधन म्हणून जाऊ नका. ज्या मनीमेकरमुळे ही लाट आली तो बचत मोडून गेला नव्हता, शंभर डॉलरांहूनही कमी प्रवेशशुल्काच्या सॅटेलाइटमधून गेला होता. तो रस्ता तुम्हालाही खुला आहे. फक्त सॅटेलाइटवर वर्षभरात किती खर्च करायचा ते आधी ठरवा, नाहीतर थेंबे थेंबे तेवढेच पैसे जातील.

वरच्या दराच्या टेबलाबद्दल माझा स्पष्ट नकार आहे. तिथे रेक प्रमाणात कमी पडतो, हे मी मान्य करते. पण दर दुप्पट झाला की चढउतारही दुप्पट होतो, आणि तिथे बसलेले बहुतेक लोक तुमच्या टेबलावर जिंकून वर गेलेले असतात. खालच्या टेबलावर चार वर्षं हरणाऱ्याने वर जाऊन भरपाई करणं म्हणजे बुडत्याचा पाय खोलात. स्टू उंगरने 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा मुख्य स्पर्धा जिंकली. पत्त्यांच्या बाबतीत त्याच्या तोडीची बुद्धी क्वचितच कुणाची मानली गेली असेल. घोड्यांच्या शर्यती, इतर पैजा आणि व्यसनं यांत सगळं गेलं आणि 1998 मध्ये तो निष्कांचन अवस्थेत वारला. पत्ते खेळता येणं आणि पैसा सांभाळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली येते म्हणून दुसरी आपोआप येते असं खुद्द उंगरच्या बाबतीतही झालं नाही.

हे सांगितल्यावर काही प्रश्न विचारणं मला भाग आहे. तुमच्यासारख्या इतर वाचकांनीही ते स्वतःला विचारावेत. टेबलावरून हरून उठल्यावर जाता जाता रुलेट किंवा स्लॉटवर ‘थोडं भरून काढायला’ थांबता का? खेळासाठी उसने पैसे घेतलेत का? घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक आहे का? ठरवलेल्या वेळेनंतर, फक्त हरत होतात म्हणून, पहाटेपर्यंत बसलात का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असेल तर पोकर कौशल्याचा खेळ आहे की नाही हा वाद बाजूला ठेवा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात धरला जातो, आणि कौशल्याच्या खेळातही तो जडतो. अशा वेळी समुपदेशक गाठा. 1957 मध्ये सुरू झालेल्या गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका अनेक देशांत होतात. पुष्कळ कॅसिनोंमध्ये ‘मला प्रवेश देऊ नका’ असं स्वतःच लिहून देण्याची सोय असते. ती वापरण्यात कमीपणा नाही.

उत्तरं ‘नाही’ असतील आणि खेळायचंच असेल, तर पोकरचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. ते संपले की वर्ष संपलं, बचतीतून भर घालायची नाही. टेबलावर बसल्यावर अर्ध्या तासात आपल्यापेक्षा कच्चा खेळणारा कोण हे दिसलं नाही तर उठा. तुम्हाला इतरांच्या चुका ओळखता येतात, ती नजर आधी टेबल निवडायला वापरा. दर रात्री तीन-चार अवघड डाव तिथल्या तिथे टिपून ठेवा आणि त्या हेडफोनवाल्यांपैकी एखाद्या तरुणाला विचारा, इथे तू काय केलं असतंस? बहुतेकदा ते मोकळेपणाने सांगतात. सॉल्व्हरचा अभ्यास करायचा तर काही महिने जातील, आणि तो आवडतो की नुसता सोसावा लागतो हे पहिल्या दोन आठवड्यांतच कळेल. आवडला नाही तर हट्टाने पुढे नेऊ नका. छोट्या शुल्काच्या स्पर्धा खेळा. तिथे रात्रीचा जास्तीत जास्त तोटा दारातच ठरतो, फक्त पुन्हा प्रवेश घ्यायचा मोह टाळा. आणि तुम्हाला खरी हुरहूर त्या जुन्या चेहऱ्यांची लागली असेल, तर कायद्याची आडकाठी नसेल तिथे नाममात्र पैशांवर किंवा नुसत्या चिप्सवर त्यांना घरी खेळायला बोलवा. तिथे रेक नसतो आणि हेडफोनही नसतात.

राहता राहिल्या तुमच्या पत्नी. त्या ‘पुरे’ म्हणतात आणि तुम्ही ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ असं उत्तर देता. पण त्यांनी ते विचारलेलंच नाही. त्यांना नेमकं काय थांबायला हवं आहे, पैसे जाणं, ती रात्र तुम्ही घरी नसणं, की दुसऱ्या दिवशीची तुमची चिडचिड, हे तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या पत्रावरून तरी तसं वाटलं नाही. बचत दोघांची आहे, तेव्हा चार वर्षांचा हिशेब तयार झाला की तो आधी त्यांच्यासमोर ठेवा, सफाई न देता. पुढच्या सहा महिन्यांसाठी तोट्याची एक मर्यादा दोघांनी मिळून ठरवा आणि ती ओलांडली तर पुढचं पूर्ण वर्ष कॅसिनोतलं पोकर बंद, असं आजच कागदावर लिहून तो कागद त्यांच्याकडे ठेवायला द्या. म्हणजे तसा दिवस आला तर नव्याने वाद घालावा लागणार नाही.